बिनवासाचे गणपतराव

आपल्या अंगाला कसलाच वास नाही, ही गोष्ट यज्ञेश्वर सांगवडेकरांना निवृत्तीनंतर, कपिलतीर्थ मंडईत, कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघताना कळली. आणि तीही गल्लीतल्या धोंडुबाईंकडून.

"काय वो सांगवडेकर," धोंडुबाई वांग्यांच्या ढिगापलीकडून म्हणाल्या. धोंडुबाई कानात सांगायला लागल्या तरी रंकाळ्याच्या काठावरची माणसं वळून बघतात. "तुमच्या अंगाला खरंच कसला वास न्हाय?"

भरल्या मंडईत असा प्रश्न आला की भाजीवाली तराजू तसाच धरून ठेवते, आणि आजूबाजूची माणसं, काही कारण नसताना, एकदा नाकाने श्वास ओढून घेतात. यज्ञेश्वरांनी स्वतःही नकळत शर्टाच्या बाहीकडे नाक नेलं आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन ते संतापले.

"म्हणजे काय, धोंडुबाई?"

"न्हाय, कालच्या भागात आलंय न्हवं. राजवीरला काकवीचा वास, अर्णवला केवड्याचा. आन् गणपतरावाला कायच न्हाय. कोरा. म्हटलं, कालिंदीनं लिवलंय म्हंजे हुंगूनच लिवलं असणार."

"कोण गणपतराव?"

धोंडुबाईंनी त्यांच्याकडे अशा मायेने बघितलं, जशी माणसं दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन येणाऱ्याकडे बघतात. "आवो," त्या म्हणाल्या, "तुमीच की!"

आता यज्ञेश्वर सांगवडेकर म्हणजे काही कोणी ऐरेगैरे नव्हेत. पाटबंधारे खात्यातून ते कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सहीशिवाय त्या कार्यालयातला पंखासुद्धा दुरुस्तीला जात नसे. उन्हाळेच्या उन्हाळे गेले, पण पंखा गेला नाही. बायको दुपारची जेवणं झाली की फोन घेऊन बसते, हे त्यांना दिसत होतं. पण जी फाइल आपल्या टेबलावर आली नाही तिची चौकशी करायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. बघत असेल रांगोळ्या, असं ते धरून चालले होते. आणि इकडे सगळ्या मंगळवार पेठेला त्यांच्या अंगाचा वास, म्हणजे वासाचा अभाव, तोंडपाठ झाला होता.

ते कोथिंबीर न घेताच घरी आले. कालिंदीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"गणपतराव कोण?"

"राजवीरचे मामा," कालिंदीबाई म्हणाल्या. "कोथिंबीर कुठाय?"

कोथिंबिरीचा विषय बाजूला ठेवून यज्ञेश्वरांनी चौकशी सुरू केली आणि कालिंदीबाईंनी, एखाद्या पाहुणीला थालीपीठ कसं करायचं ते सांगावं तितक्या शांतपणे, सगळं सांगितलं. एक मालिका होती. ती त्यांनी आणि धोंडुबाईंनी कितीतरी वर्षं, गॅसवर दूध उतू घालवून बघितली. आणि शेवटच्या भागात त्या मेल्यांनी राजवीरला दरीत ढकललं, आणि नावांच्या पाट्या वर सरकवल्या.

"मग?"

"मग काय, आम्ही बायकांनी त्याला वर काढला."

"कुठून?"

"दरीतून. फोनवर. एक ॲप आहे, तिथं लिहायचं. सांगलीच्या एकीनं त्याला दोराने काढला, कराडच्या एकीनं त्याची स्मृती घालवली. मी आपला साधा, पायवाटेने चालत आणला. मग बायका म्हणाल्या, पुढं? मग मी पुढं लिहिलं."

इथवर यज्ञेश्वरांना समजलं. पडलेली मालिका उचलून बायकांनी आपल्या घरी चालवायला नेली, सहकारी तत्त्वावर. पुढचा भाग मात्र अवघड होता. गल्लीच्या तोंडाशी राहणारे अत्तरवाले बादशहाभाई, त्यांची फरहीन इंग्रजी घेऊन एम.ए. करते. ती म्हणाली, काकू, तिकडच्या पोरीही अशाच दुसऱ्यांच्या गोष्टीतले हीरो उचलून आणतात, आणि त्यातून त्यांनी एक अख्खं जगच बनवलंय. ओमेगावर्स म्हणतात त्याला. त्या जगात माणसं तीन जातींची. जाती म्हणजे आपल्या नव्हेत. लांडग्यांच्या कळपात असतात तशा. अल्फा, बीटा, ओमेगा. आणि कोणाचं कोणाशी जुळायचं ते ठरतं वासावर.

"आपल्याकडे अल्फा-बीटा कोणाला कळणार? म्हणून मी म्होरके, मधले आणि मवाळ केले," कालिंदीबाई म्हणाल्या. "मालिकेतल्या सगळ्यांची नावंही बदलली. एकट्या राजवीरचं तेवढं राहिलं, ते जीभ सोडेना. आता कथा माझी आहे. 'गंधसोयरीक'. म्होरक्याला मवाळाचा वास आला की सोयरीक पक्की. पत्रिका नको, बस्ता नको, मध्यस्थ नको."

पत्रिका नको हे वाक्य यज्ञेश्वरांना लागलं. त्यांची पत्रिका जमवायला नृसिंहवाडीचे गुरुजी दोनदा आले होते.

"आणि हा अर्णव कोण?"

"मवाळ. राजवीरचा नवरा. म्हणजे राजवीर त्याचा नवरा. पाचवा लागलाय त्याला."

"पाचवा काय?"

"महिना."

यज्ञेश्वर खुर्चीवर बसले. पुरुषाला दिवस जाणं, हे पाटबंधारे खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात बसणारं नव्हतं. पण त्याच क्षणी धोंडुबाई मागच्या दाराने वाटी घेऊन आल्या, त्यांनी यज्ञेश्वरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि निकाल दिला: "आता ऱ्हायल्यात त्येला दिवस, तर काय पोराला घराभाइर काढायचं व्हय? तुमचं आपलं कायतरीच."

खरं सांगायचं तर अर्णवच्या महिन्यांशी यज्ञेश्वरांचं काही भांडण नव्हतं. ज्याचे दिवस त्याला. त्यांचा दावा एकच होता, आणि तो त्यांनी उभं राहून मांडला.

"मला वास का नाही?"

"तुम्हाला नाही. गणपतरावांना. ते मधले आहेत, आणि मधल्यांना वास नसतो. नियम आहे तो."

"कोणी केला हा नियम?"

"तिकडच्या पोरींनी. फरहीन म्हणते, अमेरिकेतल्या."

"अमेरिकेतल्या पोरींनी माझा वास काढून घ्यायचा," यज्ञेश्वर कडाडले, "आणि मी मंगळवार पेठेत गप्प बसायचं?"

ते गप्प बसले नाहीत. फरहीनकडून त्यांनी ते ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं ("काका, तुम्ही पण? किती गोड!" असं ती म्हणाली, तेही त्यांनी मनात नोंदवून ठेवलं) आणि 'गंधसोयरीक' पहिल्यापासून वाचायला घेतली. गोष्ट मोठी झोकात होती. पन्हाळ्याच्या पायथ्याला म्होरक्यांचा कळप. पौर्णिमा आली की ते गवे होतात आणि कोडोलीकडच्या उसात शिरतात. राजवीर नुसता दारात उभा राहिला तरी उकळत्या काकवीचा दरवळ तीन वाड्यांपलीकडे जातो आणि बायका चुलीवरची भाकरी विसरतात. आणि या सगळ्यात गणपतराव काय करतात? गणपतराव गॅसचा कॉक बंद आहे का ते बघून येतात. कुलूप लावून झाल्यावर ते ओढून बघतात, चार पावलं जातात, परत येऊन पुन्हा ओढून बघतात. शत्रूचा कळप तलवारी उपसून वाड्यात घुसतो, तेव्हा गणपतराव जिन्यावर उभे राहून म्हणतात, "चपला बाहेर."

यज्ञेश्वर हे वाचता वाचता उठले, गॅसचा कॉक बघून आले आणि मग त्यांना आणखी राग आला.

खाली वाचक बायकांनी लिहिलं होतं. इचलकरंजी, गडमुडशिंगी, कुठून कुठून. गणपतराव म्हणजे आमचे हेच. गणपतराव प्रत्येक घरी असतात. गणपतरावांना काही वास असता तर आमच्या ह्यांना आला नसता का. आयुष्यभर ज्याने जावक क्रमांकाशिवाय कागद हलू दिला नाही, तो माणूस आज अख्ख्या जिल्ह्यातल्या बायकांच्या घरचा 'हे' झाला होता, आणि त्या 'हे'च्या अंगाला वासच नव्हता. राजवीरला काकवी, अर्णवला केवडा. राजवीरच्या घोड्यालासुद्धा ओल्या गवताचा वास दिलेला होता. घोड्याला!

"निदान अष्टगंध तरी द्यायचा," ते जेवताना म्हणाले. "अपवादात्मक बाब म्हणून."

"आमटी घ्या," कालिंदीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते बादशहाभाईंच्या दुकानात गेले. विचार सरळ होता. कालिंदी बघून, म्हणजे हुंगून लिहिते. तर तिला हुंगण्याजोगं काहीतरी द्यावं. बादशहाभाईंचं दुकान महाद्वार रोडच्या एका बोळात. आत पाऊल टाकलं की माणूस स्वतःचं नाव विसरतो.

"मला एक वास पाहिजे," यज्ञेश्वर म्हणाले. "भारदस्त. अधीक्षकाला शोभेल असा."

बादशहाभाईंनी चष्म्यावरून बघितलं. 'गंधसोयरीक' त्यांच्या घरीही वाचली जात होती, हे त्या बघण्यातच कळलं. "साहेब, खस घ्या. पन थेंबभर. कानामागं. लई लावशीला तर माणूस म्होरं आन् वास म्हागं ऱ्हात न्हाय, वास म्होरं जातो आन् माणूस म्हागनं शोधत फिरतो."

यज्ञेश्वरांनी सल्ला ऐकला आणि नेहमीप्रमाणे, सल्ला देणाऱ्याला आपल्या प्रकरणाचं गांभीर्य कळलेलं नाही असं ठरवून, पाळला नाही. कानामागे, गळ्याला, दोन्ही मनगटांना आणि, बाटली कलंडल्यामुळे, बनियनला असा तो खस लागला. सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले तर नेहमीच्या बाकावर त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा झाली. एक कुत्रं अर्धा तलाव त्यांच्या मागून आलं आणि शिंकून परत गेलं. दारात धोंडुबाई झाडत होत्या.

"कोन गेलं वो?" त्यांनी हळहळून विचारलं. "कुटं मातीला जाऊन आलायसा?"

आत कालिंदीबाईंनी खिडक्या उघडल्या. मग पंखा लावला. मग म्हणाल्या, "आधी आंघोळ करा. मला डोकं उठलंय." लिहिण्याविषयी एक अक्षर नाही.

यज्ञेश्वरांच्या मानी स्वभावाला इथे थांबणं शोभलं असतं. पण एवढ्यात अर्णवला सातवा लागला.

सातवा लागल्याबरोबर ॲपवर बायकांची एकच धांदल उडाली. डोहाळजेवण झालंच पाहिजे. कथेत तर होणारच होतं. पण खरं का नको? पोराला आई नाही (कालिंदीबाईंनी ती तिसऱ्याच भागात मारली होती), माहेर नाही, त्याचं कौतुक कोणी करायचं? कोडोलीची एक म्हणाली, मी लोणचं आणते. सांगलीची म्हणाली, मी झोपाळ्याची फुलं. बघता बघता ठरलं, येत्या रविवारी, कोल्हापुरात, लेखिकेच्या गावी, अर्णवचं डोहाळजेवण. फक्त हॉल बघायचा राहिला.

आणि ज्या घरात काही बघायचं राहतं, तिथे ते कोण बघतं? मधला.

"मी? त्या अर्णवसाठी?" यज्ञेश्वर म्हणाले. "माझं काय आहे त्या कथेत? गॅसचा कॉक!"

कालिंदीबाईंनी फोन खाली ठेवला. "हॉल बघितलात," त्या म्हणाल्या, "तर गणपतरावांच्या वासाचा विचार करीन."

"लेखी दे."

"विचार करीन म्हणाले ना."

पेठेतल्या मंडळाचं सभागृह तळमजल्यावर आहे आणि तिथली व्यवस्था केरबा बघतो. केरबा जाडजूड, सावकाश माणूस. बुकिंगचं रजिस्टर तो कुस्तीचा आखाडा सारखा करावा तसं दोन्ही हातांनी सपाट करतो.

"कार्य?"

"डोहाळजेवण."

"वा! अभिनंदन. सूनबाईंचं व्हय? नाव सांगा."

"सूनबाईचं नाही. अर्णवचं."

केरबाचं पेन थांबलं. "बाईचं नाव सांगा, पावणं. बाप्याचं न्हवं."

आता इथे एखादा व्यवहारी माणूस 'सौ. अर्णवी' असं काहीतरी सांगून मोकळा झाला असता. पण सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, हे यज्ञेश्वरांच्या रक्तात होतं. आणि केरबाचं रजिस्टर त्यांच्या दृष्टीने सरकारीच होतं. त्यांनी सगळं खरं सांगितलं. म्होरके, मधले, मवाळ. दरी. पायवाट. केवडा. केरबाने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे गर्भार हाय त्यो गडी हाय."

"होय."

"आन् त्यो गडी खरा न्हाय."

"तोही भाग आहे."

"मग न्हाय व्हायचं," केरबा म्हणाला, आणि भिंतीवरच्या नियमावलीकडे बोट केलं. नियम सात. सभागृहातील कार्य हे जिवंत मनुष्याचेच असावे व त्याचे खरे नाव फलकावर लिहिणे बंधनकारक राहील.

यज्ञेश्वरांनी तो नियम वाचला नाही. वाचायची गरज नव्हती. मागे ते मंडळाचे चिटणीस असताना पेठेतल्या एका पैलवानाने इथे आपल्या म्हशीचा वाढदिवस केला होता. केक, फेटे आणि म्हैस यांच्यासह. फरशी धुवायला दोन दिवस लागले. तेव्हा कडक भाषेत नियम सात कोणी लिहिला होता? खाली सही होतीच. य. वा. सांगवडेकर.

"तुमचाच नियम हाय, सायेब," केरबा आदराने म्हणाला. "मी मोडायचा कसा?"

"मोडायचा नाहीच," यज्ञेश्वर घुश्श्यात म्हणाले. "नियम म्हणजे नियम!"

"तर मग कुणातरी जित्त्या माणसाचं नाव सांगा. नुसतं लिवायला. तुमचंच टाकू?"

यज्ञेश्वरांच्या डोक्यात तेव्हा वास होता. आधी त्यांना अष्टगंध हवा होता, आता चंदनावर मन गेलं होतं. "टाका," ते म्हणाले, आणि सही केली. सही करण्याआधी दोनदा वाचणारा माणूस, पण त्या दिवशी वाचलं नाही. अशाने माणसं देशोधडीला लागतात.

रविवारी सकाळी रंकाळ्यावरून परतणारी सगळी मंडळी सभागृहावरून गेली. रस्त्यावर, प्रवेशद्वाराशी, काळ्या फळ्यावर, केरबाच्या वळणदार अक्षरात, भोवती वेलबुट्टी काढून लिहिलं होतं:

डोहाळजेवण. श्री. यज्ञेश्वर वामन सांगवडेकर. शुभेच्छुक: मंगळवार पेठ.

दहाच्या आत यज्ञेश्वरांना पाच फोन आले. एकाने 'कितवा' विचारलं. एकाने काहीच विचारलं नाही, नुसता हसत राहिला आणि हसता हसता ठेवून दिला. खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने गंभीरपणे सांगितलं की प्रसूती रजा आता वाढवलेली आहे, पण निवृत्तांना मिळत नाही.

यज्ञेश्वर तडक सभागृहात गेले. फळा पुसा म्हणाले. केरबा म्हणाला, कार्य संपेपर्यंत फळा पुसायचा न्हाय, नियम आठ. तोही यांचाच.

आत मात्र बघण्यासारखं होतं. सांगलीच्या बाईंनी झोपाळा निशिगंधाने मढवला होता. फुलांचं धनुष्य, फुलांचा मुकुट, बाजूबंद. पाच तऱ्हेचे भात. कोडोलीचं लोणचं. बादशहाभाईंनी गुलाबपाणी आणलं होतं आणि दारात प्रत्येकीवर, हात आखडून, थेंब थेंब शिंपडत होते. साठेक बायका. साऱ्या हिरव्या साड्यांत. झोपाळ्यावर फरहीनने काढलेलं अर्णवचं चित्र ठेवलं होतं, चौकटीत, हार घालून.

धोंडुबाई झोपाळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"ह्ये काय? हार घातलेला फोटू? दहाव्याला आल्यागत वाटतंय!"

साठ बायकांनी बघितलं. खरंच तसं वाटत होतं. सांगलीच्या बाईंना रडू यायला लागलं. फोटो उचलला. आता झोपाळा रिकामा.

"आन् रिकामा झोपाळा हलवायचा न्हाय," धोंडुबाई म्हणाल्या. "पोराला बाधतंय. आधीच पोरगं नाजूक."

"मग मी बसू का?" एक म्हणाली.

"तू बाई. अर्णव बाप्या हाय. बाप्याच पायजे."

सगळ्यांनी सभागृहात नजर फिरवली. बाप्ये तीन. केरबाने रजिस्टर काखेत मारलं आणि जनरेटर बघायला गेला. वीज गेली नव्हती. बादशहाभाईंनी कंबर धरली. "माझी उसण भरलीया. झोक्यावर तर बिलकुल न्हाय."

साठ माना वळल्या. बाहेर फळ्यावर नाव आधीच होतं.

"अशक्य," यज्ञेश्वर म्हणाले. "मी कार्यालय अधीक्षक—"

"अहो," कालिंदीबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या. "बसा ना. बायका लांबून आल्यात."

यज्ञेश्वरांनी बायकोकडे बघितलं. त्यांना वाटलं, या डोळ्यांत विचार केल्याची काहीतरी खूण आहे. चंदन नाही तर नाही, निदान कापूर. ते झोपाळ्यावर जाऊन बसले.

डोक्यावर फुलांचा मुकुट. दंडाला बाजूबंद. हातात निशिगंधाचं धनुष्य. साठ बायकांनी गाणी म्हणत झोका दिला. ओटीत नारळ पडला, खण पडला, गडमुडशिंगीच्या एका आजीने गालाला हात लावून "जपून ऱ्हावा हं" म्हटलं, आणि यज्ञेश्वरांनी सवयीने "होय" म्हटलं. दोन वाट्यांपैकी एक उघडायला सांगितली, पेढा निघाला. मुलगा! हॉल दणाणला. या सगळ्यात त्यांचा चेहरा, फरहीनने मोबाइलवर काढलेल्या फोटोत दिसतो तो, जप्तीच्या कारवाईत पंच म्हणून बसवलेल्या माणसाचा आहे.

मग कोडोलीच्या बाई उठल्या. "कालिंदीताई, एक विचारू? आम्ही सगळ्याजणींनी ठरवून विचारतोय. गणपतरावांना खरंच वास नाही? एवढासुद्धा? बघा की, आज किती शहाण्यागत बसलेत."

गाणी थांबली. झोपाळासुद्धा थांबला. यज्ञेश्वरांनी धनुष्य सरळ धरलं.

कालिंदीबाईंनी चष्मा पुसला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मधल्यांना वास नसतो. नियम म्हणजे नियम."

रिक्षात ते बोलले. सभागृहापासून घरापर्यंत बोलले. हॉल कोणी बघितला? फळ्यावर अब्रू कोणाची गेली? मुकुट कोणी घातला, तो कानाला टोचत असताना? विचार करीन म्हणजे काय, कार्यालयीन भाषेत विचाराधीन म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, विचाराधीन म्हणजे मेलेलं! घोड्याला वास आहे! रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. कानामागे एक निशिगंध राहिला होता. कालिंदीबाईंनी तो काढला आणि बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा भाग आला. यज्ञेश्वरांनी वाचायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो त्यांनी पलंगाच्या कडेला बसून, चष्मा पुसून वाचला. वाड्यात अर्णवचं डोहाळजेवण. काकवी, केवडा, सगळं दणक्यात. शेवटाजवळ अगदी साधा तुकडा होता.

'गणपतराव कुलूप ओढून बघून आत आले. कोणाच्या लक्षात आलं नाही. मामी चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, आलात?'

यज्ञेश्वरांनी 'त्या वळल्या नाहीत' हे शब्द बोट ठेवून पुन्हा वाचले. मग त्यांनी फोन ठेवला, घरात घालायच्या सपाता काढून ठेवल्या आणि अनवाणी, भिंतीच्या कडेने स्वयंपाकघराकडे गेले. आत मिक्सर चालू होता. चटणी चालली होती. लसूण, मिरची, खोबरं, असा वास की त्यात राजवीरसुद्धा सापडला नसता. कालिंदीबाईंची पाठ दाराकडे. यज्ञेश्वरांनी श्वास धरला आणि उंबऱ्यावर एक पाय ठेवला.

"आलात?" कालिंदीबाई मिक्सर न थांबवता म्हणाल्या. "चहा झाकून ठेवलाय."

यज्ञेश्वर उंबऱ्यावरच थांबले. "कशावरून कळलं?"

"कळतं."

"कशावरून? पाय वाजले नाहीत. मी मुद्दाम—" त्यांचा आवाज चढला. "म्हणजे आहे! म्हणजे तुला येतो! मग लिहीत का नाहीस? साठ बायकांसमोर, मला मुकुट घालून—"

कालिंदीबाईंनी मिक्सर बंद केला. भांड्याचं झाकण काढलं, चमच्याने कडा खरवडल्या.

"राजवीरचा वास मी सगळ्या महाराष्ट्राला दिला," त्या म्हणाल्या. "अर्णवचा दिला. घोड्याचाही दिला. एवढा एक माझ्यापुरता राहू दे की."

यज्ञेश्वरांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. हा खुलासा आधी का केला नाही, झोपाळ्याची जबाबदारी कोणाची, आणि मुख्य म्हणजे तो वास नेमका कोणता, निदान ज्याचा आहे त्याला तरी त्याची प्रत मिळावी की नको. पण त्यांनी चहा घेतला. गॅसचा कॉक बघितला. कालिंदीबाईंच्या मागून जाताना उगाच थोडे जवळून गेले.

"काय ते?" त्या म्हणाल्या.

"काही नाही."

संध्याकाळी ते मंडईत गेले. धोंडुबाई होत्याच, भोपळ्यांपाशी.

"काय वो सांगवडेकर! वाचलं मी. मामीला कसं वो कळलं? कसला वास हाय तुमच्या अंगाला, सांगा की!"

भाजीवालीचा तराजू थांबला. चार माणसांनी नाकाने श्वास ओढला. यज्ञेश्वरांनी कोथिंबिरीची जुडी, न बघता, उलटीपालटी न करता, पिशवीत टाकली.

"ती बाब," ते म्हणाले, "गोपनीय आहे."